ओल्या तारेवरचा आषाढ

आषाढाची झड लागली की माझं उजव्या हाताचं बोट आपोआप टेबलावर आपटायला लागतं. मला कळतही नाही. चहा उकळत असतो, खिडकीबाहेर भोरच्या छपरांवरून पाणी ओघळत असतं, आणि माझं बोट ओट्यावर काहीतरी ठोकत बसतं. सरकारी तारघरातली नोकरी सुटून किती वर्षं झाली, तार ही गोष्टच जगातून गेली, पण बोटाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

परवा हे माझ्या भाचीनं पकडलं. मीनल पुण्यात यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायचं काम करते. सारोळ्याजवळच्या एका दूध केंद्रावर तिचं काहीतरी अडलं होतं म्हणून चार दिवस माझ्याकडे मुक्कामाला होती. माझ्या जेवायच्या टेबलावर तिनं लॅपटॉप, एक जुनाट डबा आणि एक जाड वायर असा संसार मांडला होता. तो डबा म्हणजे दुधाची फॅट मोजणारं यंत्र. ते मोजलेले आकडे वायरीतून कॉम्प्युटरला पाठवतं, एकामागून एक, एका वेळी एकच अक्षर. आणि मधूनमधून अक्षरं गिळतं.

"गिळतं म्हणजे?" मी विचारलं.

"अगं आत्या, याच्या पोटात एकाच अक्षराला जागा आहे. ते उचलायच्या आत दुसरं आलं की पहिलं गेलं. आणि 'जरा थांब' म्हणायची याला सोयच नाही. चिपच तशी आहे. मी काय करणार?"

"चिप बदल."

"अशी शेकडो यंत्रं गावोगाव बसलीत. कोण बदलणार? जे आहे त्यातूनच वाट काढायची." एवढं बोलून ती वैतागून खुर्चीत मागे रेलली. "नाही होत. सोडून देते."

मला हसू आलं. राग आला म्हणून आधी हसू आलं असेल. जी तार मला पन्नास वर्षांपूर्वी नडली होती तीच ही, फक्त हिच्यावर पाऊस पडत नव्हता. मी म्हणाले, "सोडून द्यायचं असेल तर सामान आवर आणि मला टेबल मोकळं करून दे. भाजी निवडायची आहे." मग मीच तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि त्या तारेची गोष्ट सांगायला बसले.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. वेल्ह्याच्या वाटेवर, मार्गासनीच्या थोडं पुढे, एका गावात छोटं तारघर होतं. एक खोली, एक टेबल, भिंतीला काचेच्या बरण्यांतले सेल आणि टेबलावर पितळेची एक दांडी. त्या दांडीला आम्ही 'की' म्हणायचो. ती दाबली की पलीकडच्या तारघरात लोखंडाची पट्टी वाजायची. थोडा वेळ दाबली तर कट्ट, जास्त वेळ दाबली तर कड. या कट्ट आणि कडांची अक्षरं व्हायची, अक्षरांचे शब्द, शब्दांची तार. आमची वायर मार्गासनीवरून नसरापूर, तिथून कापूरहोळ, तिथून भोर अशी वळसे घेत जायची. पुण्याला जायची तारसुद्धा आधी भोरला. सरकारी वाट सरळ असती तर तिला सरकारी कुणी म्हटलं नसतं.

त्या तारघरात मी एकटी होते. वय बावीस. भोरच्या आमच्या आळीतून सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी. मी निघाले त्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला विहारात नेलं आणि बाहेर आल्यावर एवढंच सांगितलं, "चूक दुसऱ्यानं केली तर चूक असते. आपण केली तर आपली जात काढतात. तेव्हा दुसऱ्यापेक्षा बरी हो, नुसती बरोबरीची नको." मी ते शब्दशः घेतलं. ट्रेनिंगच्या वर्गात माझ्याइतका वेगानं ठोकणारा एकही मुलगा नव्हता. वेग हीच माझी अब्रू होती.

भोरच्या तारघरात बसणाऱ्या मास्तरांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. आम्ही एकमेकांना फक्त हातानं ओळखायचो. तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा वाजतो. मास्तरांचा हात जुन्या माणसाचा, ठाशीव, एक कट्टही इकडचा तिकडे नाही. नियमाला इतके पक्के की तारेच्या शेवटी ठरलेली खूण राहिली तर अख्खी तार पुन्हा पाठवायला लावत. एकदाच त्यांनी काम संपल्यावर ठोकलं होतं, 'हात चांगला.' ते मी घरी पत्रानं कळवलं होतं. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं. तारेवर नाव लागत नाही, ठाण्याची खूण लागते. खरं सांगायचं तर मला ते सुखाचं होतं. भोरात आडनाव सांगितलं की आळी कळायची, आणि आळी कळली की समोरच्याचा आवाज बदलायचा. मास्तरांचा हात नऊ महिने कधी बदलला नाही.

मग आषाढ आला. त्या भागातला पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही. तोरणा किल्ला दिसेनासा होतो तो गौरी-गणपतीपर्यंत. भातखाचरांत गुडघाभर चिखलात बायका इरली पांघरून लावणी करत असतात, त्यांच्या पाठींच्या रांगा तेवढ्या हलताना दिसतात. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काडेपेटी छातीशी बाळगावी लागते. आणि तार भिजते. खांबावर तार ज्या चिनीमातीच्या वाट्यांना बांधलेली असते, त्यांच्यावरून पाण्याची धार खांबावर उतरते, तिच्याबरोबर तारेतली वीजही उतरून जमिनीत जाते. एका खांबावर थोडीशीच. पण भोरपर्यंत खांब किती! मी इकडून दाबलेलं तिकडे पोचेपर्यंत त्यातला जीव निघून जायचा. भोरकडे सेल भक्कम होते, त्यामुळे मास्तरांचं मला ऐकू यायचं. माझं त्यांना अर्धंमुर्धं. कड कसाबसा पोचायचा. कट्ट मात्र इतका लहान, की तिकडची पट्टी हलायच्या आतच तो संपलेला असायचा.

अशा दिवसांत वहीत 'लाइन ओली' एवढं लिहायचं आणि तारा टपालाच्या थैलीत घालून यष्टीनं भोरला पाठवायच्या, अशी रीत होती. दुसऱ्या दिवशी पोचायच्या. कुणाची तक्रार नसे. पावसाळ्यात सगळंच उशिरा होतं, हे लोकांनी मान्य केलेलं असतं.

त्या शनिवारी मी आठ वाजता कुलूप काढलं तर ओट्यावर दोघी मायलेकी बसलेल्या. डोक्यावर इरली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. वरच्या वाडीतून उजाडायच्या आधी निघाल्या होत्या. मुलीचं नाव हौसा. मॅट्रिक झालेली, त्या वाडीतली पहिलीच. तिच्या हातात मेणकापडात गुंडाळलेलं पत्र होतं. पुण्याला नर्सच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. जागा हवी असेल तर अर्जाचा नंबर घालून तशी तार शनिवारी दुपारी बाराच्या आत मिळाली पाहिजे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पत्र पावसात अडकून वाडीत पोचलं होतं शुक्रवारी संध्याकाळी.

"बाई, जाईल न्हवं तार?" हौसाच्या आईनं विचारलं.

मी सवयीनं म्हणाले, "लाइन ओली आहे. यष्टीनं पाठवते."

"यष्टी कुठली वं? वड्याच्या फरशीवरनं पानी चाललंय. काल सांजच्यालाच गाडी फिरली माघारी. आमी बघून आलो." मग जरा थांबून तिनं हळूच सांगितलं, "हिचा बाप म्हनतोय, न्हाई जमलं तर सोयरीक हाय तयार. मार्गशीर्षात उरकू. म्या म्हनलं, आदी तार तर करू."

हौसा टेबलावरच्या पितळी दांडीकडे टक लावून बघत होती.

पुण्यात तार पोचल्यावर शिपाई सायकलवरून ती द्यायला निघणार, त्याला तासभर तरी लागणार. म्हणजे अकराच्या आत ती माझ्या हातून सुटायला हवी होती. माझ्याकडे तीन तास होते. मी फॉर्म भरून घेतला. नंबर होता ५५४५. आमच्या भाषेत पाच म्हणजे पाच कट्ट. चार म्हणजे चार कट्ट आणि एक कड. त्या ओल्या तारेला जे जमत नव्हतं, नेमकं तेच त्या नंबरात ठासून भरलं होतं. आकडे शब्दांत लिहावेत म्हटलं, तर इंग्रजीतला पाचसुद्धा बहुतेक कट्टांचाच बनलेला.

पहिला तास मी मूर्खपणात घालवला. आधी दांडी जोरात आपटली. हा मूर्खपणा फक्त तारवालेच करतात. वीज किती जायची ते जोरावर नसतं, हे पक्कं माहीत असूनही पावसाळ्यात प्रत्येक जण दांडीवर हात आपटतोच. माझ्या आधीच्या माणसानं आपटून आपटून टेबलाला खळगा पाडला होता. तिकडून मास्तर शांतपणे ठोकत होते, 'कळत नाही. पुन्हा.' मग मी दोन सेल जास्तीचे जोडले. त्यानं ठिणग्या उडून दांडीची टोकं काळी पडली, दांडी चिकटायला लागली, आणि ती काचकागदानं घासून साफ करण्यात अर्धा तास गेला. हात काळे, पदर काळा. दाराशी हौसाची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकदाही विचारलं नाही, 'झालं का?' विचारलं असतं तर बरं झालं असतं.

'लाइन ओली' असं वहीत लिहायला मी पेन उचलला, हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. परवा मीनलला सांगितलं. नियमात बसत होतं. मला कुणी एक शब्द बोललं नसतं. पेन उचलला आणि हौसाकडे पाहिलं. तिची नजर अजून त्या दांडीवरच होती. मला आमच्या आळीतून एस. टी. स्टँडकडे निघालेली मी आठवले, हातात पत्र्याची पेटी घेतलेली. मी पेन खाली ठेवला. जाणार नाही म्हणजे काय? जायलाच पाहिजे, असं मी स्वतःशी मोठ्यानं बोलले. हौसा दचकली.

बसून नीट विचार केला. तार बदलता येणार नाही. पाऊस थांबवता येणार नाही. खांब, वाट्या, सेल, यातलं काहीच माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त माझा हात आहे. कट्ट आखूड म्हणून मरतो ना? मग तो आखूड ठेवायचाच नाही. कट्ट कडाएवढा लांबवायचा आणि कड त्याच्या तिप्पट. वेग सोडायचा, रांगायचं. ट्रेनिंगमध्ये असं ठोकलं असतं तर शिकवणाऱ्यांनी बोटांवर फूटपट्टी मारली असती. ज्या वेगावर मी मिरवले तोच टाकून द्यायचा, आणि तोही अशा माणसासमोर ज्यानं माझ्या हाताला चांगलं म्हटलं होतं. मला लाज वाटली, पण ठोकायला घेतलं.

ज्या अक्षरांत लांब आणि आखूड दोन्ही होते ती कळण्यासारखी होती, कारण एकाच्या शेजारी दुसरं मोजता येतं. पण पाचात तर सगळे एकसारखेच. माझे पाच लांबवलेले कट्ट तिकडे पाच कड वाटणार, आणि आमच्या भाषेत पाच कड म्हणजे शून्य. हौसाचा नंबर ५५४५ च्या ऐवजी ००४० होऊन पुण्याला जाणार. म्हणून आणखी एक ठरवलं. एक अक्षर ठोकायचं आणि हात उचलायचा. थांबायचं. मास्तरांनी तेच अक्षर परत ठोकेपर्यंत पुढे जायचं नाही. बरोबर असेल तर एक लांब, चूक असेल तर दोन लांब.

हे मास्तरांना सांगायचं कसं? सांगायला तारच लागणार, आणि तारच तर जात नव्हती. मी पहिलं अक्षर ठोकलं आणि गप्प बसले. तिकडूनही गप्प. बाहेर पन्हळीचं पाणी पडत होतं. मी तेच अक्षर पुन्हा ठोकलं, पुन्हा गप्प. मास्तर चिडले असणार. नियमात हे कुठं बसत नव्हतं. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा तिकडून चाचपडल्यासारखं ते अक्षर परत आलं. मी एक लांब दाबला. दुसरं अक्षर. ते चुकीचं परत आलं. दोन लांब. मग बरोबर आलं. एक लांब.

पाचव्या-सहाव्या अक्षराला मास्तरांच्या ध्यानात आलं. मला ते त्यांच्या हातावरून कळलं. इतका वेळ तुटक वाजणारा तो हात एकदम सैल झाला, माझ्या चालीनं चालायला लागला. मी ठोकायची, ते परत द्यायचे, मी हो म्हणायची. त्यांनीही वेग सोडला होता. तीस वर्षं तारेवर घालवलेला माणूस शिकाऊ पोरासारखं एकेक अक्षर ठोकत होता.

नंबर आला. मी पाच लांबवलेले कट्ट दिले. परत आलं शून्य. दोन लांब. मास्तर थांबले. मग भोरहून आले पाच स्वच्छ, छोटे, सुरेख कट्ट. पाच! मी लांब दाबला तो सोडवेना.

अकराला दहा मिनिटं असताना शेवटचं अक्षर बरोबर ठरलं. मास्तरांनी पूर्ण तार परत वाचून दाखवली आणि ठोकलं, 'पुढे पुण्याला देतो.' मी मागे वळून म्हणाले, "भोरला पोचली." हौसाच्या आईनं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. "पुन्याला?" तिनं विचारलं. "ते आता कळेल," मी म्हणाले. मग आम्ही तिघी बसून राहिलो. हौसानं कमरेच्या पिशवीतून भाकरी काढली, तिचे तीन भाग केले आणि एक माझ्यापुढे ठेवला. तिच्या आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मिरचीचा ठेचाही पुढे सरकवला.

मीनलनं इथं मला मध्येच थांबवलं. "आत्या, हे मला करता येईल! वेग उतरवते, आणि यंत्राकडे प्रत्येक आकडा दोनदा मागते. जुळला तरच घ्यायचा." ती लॅपटॉप ओढून बसलीसुद्धा. मी भाजी निवडायला घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारोळ्याहून तिचा फोन आला, एकही आकडा गिळला नाही म्हणून. आवाज असा, जणू गड जिंकला. मी म्हणाले, "रेनकोट घालून ये."

या आषाढी दिवसांत मला हौसाही हटकून आठवते. ती नर्स झाली, तीस वर्षं तिनं नोकरी केली, वेल्ह्याच्या वाड्यावाड्यांतून चिखल तुडवत बाळंतपणं केली. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात सुई टोचायला तीच यायची. आई तिला म्हणायची, "तुझा हात लई हलका हाय गं." पण ते सगळं पुढचं. त्या शनिवारी बारा वाजायला आले तरी भोर गप्प होतं, आणि मला पुढचं काहीच माहीत नव्हतं.

बाराला पाच मिनिटं असताना पट्टी वाजली. 'पुण्यात पोचती झाली. सही मिळाली.' एवढंच. मी सांगितलं तेव्हा हौसा उठून उभी राहिली आणि काय करावं न कळून पुन्हा बसली. तिची आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आता म्हनावं हिच्या बापाला, कर सोयरीक."

आणि पट्टी पुन्हा वाजली. 'ठोकणाऱ्याचं पूर्ण नाव कळवा.'

नियमाबाहेर ठोकलं की नोंद होते आणि नोंदीला नाव लागतं. नोकरी अजून कच्ची होती. दादांचे शब्द आठवले. नऊ महिने नुसता हात होते, आता नाव सांगायचं, आडनावही सांगायचं. क्षणभर वाटलं, लाइन गेली म्हणावं. आज तर कुणालाही खरं वाटलं असतं.

मी नाव ठोकलं. त्याच चालीनं, लांबवून, एकेक अक्षर. मास्तर प्रत्येक अक्षर परत देत गेले. माझं नाव, दादांचं नाव. मग आडनाव. त्याच्या पहिल्या अक्षराला मी कान टवकारले. हात बदलला नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत बदलला नाही. मी एक लांब दाबला. बरोबर.

मग भोरहून अक्षरं यायला लागली, तीही एकेक करून, मध्ये थांबत. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते हे मला दुसऱ्या अक्षराला कळलं. मी परत देत गेले. ते त्यांचं स्वतःचं नाव होतं, वडिलांचं नाव, आडनाव. त्याच्यापुढे त्यांनी ठोकलं, 'नोंदीत दोघांची नावं घातली. जे व्हायचं ते दोघांना.' आणि सगळं संपल्यावर तिकडून एक लांब आला.

हौसाची आई दारात इरलं डोक्यावर घेत उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, "आता आनी कुनाची तार आली वं, बाई?"

"माझी," मी म्हणाले.